संरक्षण सामग्रीच्या आधुनिकीकरणावरचा सरकारी खर्च: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबाझरीची आयुध निर्माणी, वायुसेनानगरातलं हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय, कामठीचं ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र, बाजारगावकडचे स्फोटकांचे कारखाने, थोडं पुढे भंडारा, भद्रावती, पुलगाव. संरक्षणावरच्या खर्चाचा विषय निघाला की नागपुरात कुणाचा पगार, कुणाची ऑर्डर, कुणाची पेन्शन त्यात असतेच. त्यामुळे चर्चा तावातावाने होते आणि आकडे मात्र बरेचदा भलतेच फेकले जातात. खालचे आकडे, वेगळं वर्ष लिहिलं नसेल तिथे, 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पातले आहेत.

संरक्षणाला 6.81 लाख कोटी रुपये दिले म्हणतात. एवढ्या सगळ्यांची शस्त्रं घेतात का?

नाही. 2025-26 ची एकूण तरतूद 6,81,210 कोटी रुपये आहे. तिचे शंभर रुपये धरले तर सुमारे 46 रुपये महसुली खर्चात जातात: पगार, भत्ते, रेशन, इंधन, दुरुस्ती, सुटे भाग, नेहमीचा दारूगोळा. जवळपास 24 रुपये पेन्शनला आणि 4 रुपये मंत्रालयाच्या नागरी विभागांना लागतात. भांडवली खर्चाला, म्हणजे टिकाऊ वस्तू आणि बांधकामांना, उरतात 26 रुपये. या 1.80 लाख कोटींतही जमीन, रस्ते, इमारती, संशोधनाची यंत्रसामग्री येते. तिन्ही दलांच्या आधुनिकीकरणासाठी वेगळी काढलेली रक्कम आहे 1,48,722 कोटी, म्हणजे शंभरातले 22 रुपये.

वाद घालायचा तर या 22 रुपयांवर घाला. 6.81 लाख कोटींवर घातलेला वाद बहुतेक वेळा पगार आणि पेन्शनवर जाऊन अडकतो.

मग हे 22 रुपये तरी नव्या खरेदीला मोकळे असतात ना?

तेही नाही, आणि वर्तमानपत्रात नेमकं हेच येत नाही. विमान, पाणबुडी किंवा तोफ यांचे पैसे एकदम दिले जात नाहीत. करार झाला की काही टक्के आगाऊ, मग कामाचे टप्पे पूर्ण होतील तसे हप्ते, शेवटचा हप्ता माल ताब्यात आल्यावर. हे पाच-सात-दहा वर्षं चालतं. मागच्या करारांचे हप्ते आधी वळते होतात, उरलं तर नवं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मार्च 2018 मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीसमोर आलं. तेव्हाचे उपसेनाप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी सांगितलं, की लष्कराला आधुनिकीकरणासाठी 21,338 कोटी मिळालेत आणि आधीच सही झालेल्या 125 योजनांचे देणे आहे 29,033 कोटी. नवं घेणं दूरच, जुन्या हप्त्यांनाच साडेसात हजार कोटींहून जास्त कमी पडत होते. त्याच वेळी त्यांनी सांगितलं, की लष्कराकडची 68 टक्के सामग्री जुनाट, 24 टक्के चालू पिढीची आणि फक्त 8 टक्के अत्याधुनिक आहे. हे तिन्ही भाग साधारण सारखे असावेत अशी अपेक्षा असते.

म्हणून 'यंदा तरतूद इतक्या टक्क्यांनी वाढली' असं वाचलं, की पुढचा प्रश्न हाच: जुन्या करारांचं देणं वजा जाता किती उरलं?

'एक लाख कोटींच्या खरेदीला मंजुरी' अशी बातमी आली. म्हणजे खरेदी झाली का?

नाही. ती बहुतेक वेळा 'गरज मान्य' केल्याची बातमी असते. 3 जुलै 2025 ला संरक्षण खरेदी परिषदेने 10 प्रस्तावांना अशी मान्यता दिली, रक्कम सुमारे 1.05 लाख कोटी. त्या दिवशी तिजोरीतून त्यासाठी एक रुपयाही गेला नाही. डीएपी 2020 या खरेदी पद्धतीप्रमाणे प्रस्ताव साधारण असा सरकतो:

आधी दल आपली गरज कागदावर मांडतं: वजन किती, पल्ला किती, किती तापमानात चाललं पाहिजे. मग बाजारात काय मिळतं याची चौकशी कंपन्यांकडे जाते. संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची परिषद गरज मान्य करते. बातमी इथे येते. त्यानंतर कंपन्यांना सविस्तर प्रस्ताव मागवणारं पत्र निघतं. आलेल्या तांत्रिक बोली तपासल्या जातात आणि किमतीचं पाकीट बंदच राहतं. पात्र ठरलेल्यांच्या मैदानी चाचण्या होतात. चाचणी अहवालाचं मूल्यमापन झालं की किमतीची पाकिटं उघडतात, सर्वात कमी बोलीवाल्याशी वाटाघाटी होतात, अर्थ विभागाची संमती लागते. 3,000 कोटींच्या पुढचं प्रकरण पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीकडे जातं. मग करार. माल त्यानंतर.

2024-25 मध्ये मंत्रालयाने 193 करार केले, एकूण 2,09,050 कोटींचे. यातले 177 देशी उद्योगांशी होते. सह्या झालेल्या करारांचा हा आकडा मान्यतांच्या आकड्यापेक्षा कितीतरी भरवशाचा. त्याहून भरवशाचा आकडा म्हणजे त्या वर्षी प्रत्यक्ष युनिटपर्यंत काय पोचलं. तो मात्र शोधावा लागतो.

वर्षानुवर्षं का लागतात? भ्रष्टाचार हेच कारण आहे का?

भ्रष्टाचाराचं सावट खरं आहे. बोफोर्सच्या 410 तोफांचा करार 1986 चा. त्यावरून इतकं वादळ उठलं, की पुढची तीस वर्षं लष्कराला नव्या 155 मिमी तोफेचा मोठा करार करता आला नाही. 145 एम-777 तोफांवर सही झाली ती 2016 मध्ये. फाइलवर सही करायचीच भीती बसली की प्रामाणिक अधिकारीही 'आणखी एक समिती नेमा' असं लिहून मोकळा होतो. या उशिराची किंमत कुठल्याच लेखापरीक्षणात पूर्ण धरली जात नाही.

पण रोजची कारणं साधी आहेत.

गरजपत्रात जगातल्या पाच वेगवेगळ्या शस्त्रांतली उत्तम वैशिष्ट्यं एकत्र टाकली जातात. तसं शस्त्र कुणीच बनवत नाही. चाचणीत सगळे नापास होतात आणि फाइल पहिल्या पायरीवर येते. किंवा गरजपत्र इतकं नेमकं असतं की एकच कंपनी बसते. एकच बोली आली की स्पर्धा नाही म्हणून आक्षेप येतो आणि पत्र मागे घेतलं जातं.

चाचण्या ऋतूला बांधलेल्या असतात. राजस्थानात कडक उन्हाळ्यात, उंच डोंगराळ भागात कडक थंडीत. कंपनीचं यंत्र मे महिन्याऐवजी ऑगस्टमध्ये आलं तर वाळवंटातली चाचणी पुढच्या वर्षी. चाचण्या बहुधा कंपनीच्या खर्चाने होतात, त्यामुळे लहान कंपनी दुसऱ्या फेरीला टिकत नाही.

तिसरं, दुसऱ्या देशातून येणारा एखादा महत्त्वाचा भाग. तेजस मार्क-1ए चा 83 विमानांचा करार फेब्रुवारी 2021 मध्ये झाला आणि पुरवठा 2024 च्या सुरुवातीला सुरू व्हायचा होता. त्याची एफ-404 इंजिनं अमेरिकेतून यायची. 99 पैकी पहिलं इंजिन आलं मार्च 2025 मध्ये. विमानाचा सांगाडा तयार आणि इंजिन नाही, अशी ही स्थिती. दरम्यान 26 सप्टेंबर 2025 ला शेवटची मिग-21 निवृत्त झाली आणि 42 मंजूर स्क्वाड्रनपैकी हवाई दलाकडे 29 उरल्या. आदल्याच दिवशी आणखी 97 तेजसचा 62,370 कोटींचा करार झाला होता. करार आणि विमान यांतलं अंतर यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

मग तातडीच्या खरेदीत सहा महिन्यांत माल कसा येतो?

कारण तिथे गरजपत्र नव्याने लिहायचं नसतं, तयार असलेलं घ्यायचं असतं, आणि अधिकार दलांच्या उपप्रमुखांकडे असतात. ऑपरेशन सिंदूरनंतर जून 2025 मध्ये ड्रोन, लॉयटरिंग म्युनिशन (लक्ष्यावर घिरट्या घालून आदळणारा स्फोटक ड्रोन), ड्रोनविरोधी यंत्रणा वगैरेंसाठी अशा 13 करारांची घोषणा झाली, सुमारे 1,982 कोटींचे. ही पद्धत गरजेची आहे, पण तिची सवय लागणं वाईट. थोड्या-थोड्या संख्येने वेगवेगळ्या बनावटीचं सामान घेतलं की प्रत्येकाची बॅटरी वेगळी, सुटे भाग वेगळे, दुरुस्ती शिकलेला माणूस वेगळा. दोन वर्षांनी त्यातलं अर्धं कपाटात जाण्याचा धोका असतो.

31 मार्चला न वापरलेले पैसे परत जातात हे खरं का?

हो. अर्थसंकल्पातली तरतूद त्या आर्थिक वर्षापुरतीच असते. करार फेब्रुवारीत व्हायचा होता आणि मेमध्ये गेला, तर त्याच्यासाठीचे पैसे बुडतात आणि करार पुढच्या वर्षाच्या तरतुदीतून भागवावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगाने यावर 2021 ते 2026 साठी 2,38,354 कोटींचा, वर्ष संपलं तरी न बुडणारा निधी सुचवला होता. तत्त्वतः मान्य होऊनही तो प्रत्यक्षात उभा राहिला नाही. अर्थ मंत्रालयाचं म्हणणं असं, की पडून राहणाऱ्या निधीवर संसदेचं वार्षिक नियंत्रण सैल होतं. हा मुद्दा फालतू नाही. तरी दहा वर्षांच्या योजनेला बारा महिन्यांचा पैसा देण्याने होणारं नुकसान जास्त आहे, असं आमचं मत आहे.

आधुनिकीकरण म्हणजे विमानं आणि क्षेपणास्त्रं ना? साध्या दारूगोळ्यावर एवढं लक्ष कशाला?

तोफ कितीही नवी असली तरी गोळा नसेल तर ती ओढून न्यायचं लोखंड आहे. कॅगने 2017 च्या अहवालात दाखवलं, की सप्टेंबर 2016 मध्ये तपासलेल्या 152 प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी 61 प्रकार दहा दिवसांच्या घनघोर लढाईलाही पुरणारे नव्हते. युद्धसाठ्याचं ठरलेलं प्रमाण 40 दिवसांचं होतं. त्यानंतर साठा सुधारण्यावर बराच खर्च झाला. पण युक्रेनच्या युद्धाने सगळ्या जगाला दाखवलं, की साठा संपायला लागला की खरा प्रश्न कारखान्याच्या वेगाचा असतो.

आणि हा वेग यंत्रांवर ठरतो. 155 मिमीचा शेल, म्हणजे तोफेचा गोळा, घ्या. भरलेला शेल साधारण 45 किलोचा. पोलादाचा ठोकळा तापवून प्रेसखाली पोकळ करतात, ओढून लांबवतात, टोक निमुळतं करतात, उष्णता प्रक्रिया देतात, मग लेथवर आतून-बाहेरून कातकाम. बुडाशी तांब्याचं कडं दाबून बसवतात. तोफेच्या नळीतले पीळ त्याच कड्यात रुततात आणि शेल फिरतो. भिंतीची जाडी एका बाजूला जास्त झाली तर शेल हवेत डोलतो आणि नेम चुकतो. कडं सैल असेल तर मागचा वायू निसटून पल्ला घटतो. पोलादात बारीक चीर राहिली तर शेल नळीतच फुटू शकतो, म्हणून प्रत्येक नगाची तपासणी. जुन्या लेथवर माप सरकत राहतं, नापास नग वाढतात, आणि महिन्याच्या शेवटी पोचणारे शेल कमी होतात. नवी सीएनसी यंत्रं, नवी भट्टी, नवं तपासणी उपकरण या खर्चाचा फोटो कुणी काढत नाही. आधुनिकीकरणाचा निम्मा अर्थ मात्र तिथेच आहे.

यातलं विदर्भात नेमकं काय बनतं?

पूर्ण साखळीच आहे. अंबाझरीत शेल, फ्यूज आणि रॉकेट यांची धातूची अंगं. भंडाऱ्याच्या जवाहरनगरात प्रणोदक (गोळा किंवा रॉकेट पुढे ढकलणारी दारू) आणि स्फोटकं. भद्रावतीच्या चांदा निर्माणीत भरणं आणि जुळणी. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला केंद्रीय दारूगोळा भांडार. खासगी बाजूने बाजारगावची सोलर ही स्फोटकांची कंपनी आणि तिची उपकंपनी इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज: 2020 च्या 409 कोटींच्या करारातले 10 लाख मल्टी-मोड हातबॉम्ब, नागास्त्र-1 हे लॉयटरिंग म्युनिशन, पिनाका या एकापाठोपाठ रॉकेटं डागणाऱ्या तोफखाना यंत्रणेची रॉकेटं. मार्च 2025 मध्ये पंतप्रधानांनी तिथल्या मानवरहित विमानांच्या 1,250 मीटर धावपट्टीचं उद्घाटन केलं.

पिनाका हे या साखळीचं चांगलं उदाहरण. आराखडा पुण्याच्या एआरडीई या सरकारी शस्त्रसंशोधन प्रयोगशाळेचा, रॉकेट 214 मिमीचं. एक लाँचर 44 सेकंदांत 12 रॉकेटं सोडतो, सहा लाँचरची बॅटरी (तोफखान्याची तुकडी) 72. म्हणजे पाऊण मिनिटात बॅटरीचा एक भरणा संपतो आणि पुढच्या भरण्यासाठी मागे कारखाना लागतो. 6 फेब्रुवारी 2025 ला पिनाकाच्या दोन प्रकारच्या रॉकेटांसाठी 10,147 कोटींचे करार झाले, काम म्युनिशन्स इंडिया ही सरकारी कंपनी आणि इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज यांच्यात वाटून.

आयुध निर्माणींच्या कंपन्या केल्या, त्याने काय बदललं? हे खासगीकरण आहे का?

1 ऑक्टोबर 2021 ला आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन 41 कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. त्यातल्या यंत्र इंडिया लिमिटेडचं मुख्यालय नागपूरला आहे. भंडारा आणि चांदा पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले. शेअर्स सरकारकडेच आहेत, म्हणून आज याला खासगीकरण म्हणता येत नाही. कामगार संघटनांची भीती अशी, की कंपनी झाली की शेअर विकायला वेळ लागत नाही. त्या भीतीला इतर सरकारी कंपन्यांचा इतिहास आधार देतो.

व्यवहारात मोठा फरक ऑर्डरचा. पूर्वी सेना मागणीपत्र द्यायची आणि 'ना नफा ना तोटा' हिशेबात माल यायचा; उशीर झाला तरी दंडाची भानगड नव्हती. आता करार होतो, मुदत असते, दंड असतो, आणि खासगी कंपनीशी स्पर्धा असते. कार्यक्षमतेसाठी हे बरं. अडचण अशी, की शांततेच्या काळात ऑर्डर कमी झाली तरी युद्धासाठीची जादा क्षमता कुणी सांभाळायची? रिकामी उभी भट्टी आणि तिच्यावरचे कसबी कामगार सांभाळण्याचा खर्च कंपनीच्या ताळेबंदात तोटा दिसतो. देशासाठी तो विमा आहे. सरकारने हा खर्च वेगळा मोजून वेगळा द्यावा. तसं केलं तर सरकारी की खासगी हा वाद निम्मा मिटेल.

अपघातांचं काय? एवढा खर्च होतो, मग कामगार का मरतात?

17 डिसेंबर 2023 ला बाजारगावच्या कारखान्यातल्या स्फोटात नऊ कामगार गेले, त्यातल्या सहा महिला. 24 जानेवारी 2025 ला भंडाऱ्याच्या निर्माणीत किमान आठ जण गेले. 31 मे 2016 च्या पहाटे पुलगावच्या भांडाराला लागलेल्या आगीत अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. ही नावं घरोघरची आहेत, आकड्यांच्या तक्त्यात मावणारी नाहीत.

स्फोटकांच्या इमारतीत दोन मर्यादा असतात: एका वेळी किती किलो माल आणि किती माणसं. इमारतींमध्ये ठरलेलं अंतर, भोवती मातीचा बांध, अंगावरची स्थिर वीज उतरवायची सोय, ठिणगी न पडणारी अवजारं. बिघडतं ते ऑर्डरच्या घाईत: पुढच्या पाळीचा माल आधीच आत आणून ठेवलेला, दोघांच्या कामाला पाच जण, नवख्या कंत्राटी कामगाराला अपुरं प्रशिक्षण. उपाय माहीत आहे. मिसळणं, दाबणं, चाळणं ही कामं भिंतीपलीकडून, कॅमेऱ्यावर पाहत यंत्राने करायची. म्हणून धोकादायक विभागांचं यांत्रिकीकरण 'जमलं तर' या सदरात टाकणं आम्हाला मान्य नाही. कुठल्याही दारूगोळा कराराच्या किमतीत त्याचा वाटा आधी धरला पाहिजे. नागरी वापराच्या स्फोटकांचे परवाने देणाऱ्या पेसोचं मुख्यालय इथेच, नागपुरात आहे. या प्रश्नावर सगळ्यात जोरात आवाज इथूनच उठायला हवा.

एवढ्या पैशात किती शाळा आणि दवाखाने झाले असते?

प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्याला देशद्रोही ठरवू नये. पण हिशेब नीट मांडा. केंद्राच्या अर्थसंकल्पात शिक्षण मंत्रालयाला सुमारे 1.29 लाख कोटी आणि आरोग्य मंत्रालयाला सुमारे 1 लाख कोटी आहेत. मात्र शाळा-दवाखान्यांचा मोठा खर्च राज्यं करतात आणि संरक्षणाचा सगळा खर्च केंद्र करतं. त्यामुळे केंद्राचे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना केली तर ती एकांगी होते.

उलट बाजूची मागणीही याच काट्यावर तोला. संरक्षणाला जीडीपीच्या 3 टक्के द्या, असं अनेक जण म्हणतात. 2025-26 मध्ये हे प्रमाण सुमारे 1.9 टक्के होतं. 3 टक्के करायचे तर वर्षाला जवळपास 3.9 लाख कोटी आणखी लागतील. केंद्राच्या शिक्षण आणि आरोग्य मंत्रालयांच्या बेरजेपेक्षा ते जास्त होतात. कुठला कर वाढवायचा किंवा कुठली योजना थांबवायची हे न सांगता केलेली ही मागणी अपुरी आहे.

अग्निपथने पेन्शनचे पैसे वाचून शस्त्रांना मिळतील का?

लगेच नाही. 2025-26 चं पेन्शन 1,60,795 कोटी आहे आणि ते आधीच निवृत्त झालेल्या 34 लाखांहून अधिक पेन्शनधारकांचं आहे. त्यांचा हक्क कायम राहणार, आणि राहिलाच पाहिजे. 2022 पासून भरती झालेल्या अग्निवीरांपैकी 75 टक्के चार वर्षांनी पेन्शनविना बाहेर पडतील. त्याचा परिणाम पेन्शनच्या रकमेवर दिसायला पंधरा-वीस वर्षं जातील. पुढच्या पाच वर्षांच्या तोफा या बचतीतून येणार नाहीत.

स्वदेशी माल महाग किंवा उशिरा मिळत असेल तरी घ्यायचा का?

बहुतेक वेळा हो, पण डोळे उघडे ठेवून. आधुनिकीकरणाच्या रकमेतले 75 टक्के, म्हणजे 1,11,544 कोटी, देशी खरेदीसाठी राखून ठेवलेत. तीस वर्षांच्या वापरात सुटे भाग आणि दुरुस्ती यांचा खर्च मूळ किमतीला मागे टाकू शकतो, आणि तो परकीय चलनात, दुसऱ्याच्या मर्जीवर द्यावा लागतो. मार्च 2025 मध्ये 307 एटॅग्स या ओढून न्यायच्या 155 मिमी तोफांचा सुमारे 6,900 कोटींचा करार पुण्याच्या भारत फोर्ज आणि टाटा अॅडव्हान्स्ड सिस्टिम्सशी झाला. तिचा आराखडा देशातला, त्यामुळे सुधारणा करायला कुणाची परवानगी नको.

तपासायचं ते 'स्वदेशी' या शिक्क्यामागचं प्रमाण. डीएपी 2020 मध्ये देशात आराखडा केलेल्या पहिल्या पसंतीच्या वर्गासाठी किमान 50 टक्के देशी घटकांची अट आहे. उरलेल्या भागात इंजिन, सेन्सर, चिप असेल तर अडवणूक तिथूनच होते, हे तेजसने दाखवलं. ड्रोनमध्ये तर मोटर, बॅटरीचे सेल आणि कॅमेरा कुठून आले हे विचारल्याशिवाय करारच करू नये.

हिंगणा किंवा बुटीबोरीतल्या लहान वर्कशॉपला यात काम मिळू शकतं का?

मिळतं, थेट मंत्रालयाकडून क्वचितच. उद्यम नोंदणी करा, जेम या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारावर विक्रेता म्हणून नोंदवा, संरक्षण मंत्रालयाच्या सृजन पोर्टलवर आयात होणाऱ्या भागांची यादी पाहा आणि आपल्या यंत्रांवर बसणारे दोन-तीनच भाग निवडा. त्यानंतर संबंधित सरकारी कंपनीकडे विक्रेता नोंदणी, ड्रॉइंग घेणं, नमुना नग, त्याची मंजुरी, मग ऑर्डर.

नापास होण्याची कारणं ठरलेली आहेत. धातूच्या चाचणी प्रमाणपत्रावरचा हीट नंबर (धातूच्या त्या घाण्याचा क्रमांक) आणि सळीवरचा नंबर जुळत नाही. गेजचं कॅलिब्रेशन संपलेलं असतं. ड्रॉइंगची जुनी आवृत्ती वापरलेली असते. प्लेटिंगची जाडी धरायची विसरल्याने आटे घट्ट होतात. आणि दर लावताना तपासणीला लागणारे आठवडे धरलेले नसतात, म्हणून मुदत चुकते आणि उशिराचा दंड बसतो. पैसे 45 दिवसांत मिळण्याचा सूक्ष्म-लघू उद्योगांचा कायदेशीर हक्क आहे; घड्याळ माल स्वीकारल्यापासून चालू होतं, म्हणून स्वीकृतीची पावती तारखेसह घ्या.

नवं काही बनवलं असेल तर आयडेक्स या संरक्षण मंत्रालयाच्या नवउद्योग योजनेतून नमुन्यासाठी दीड कोटींपर्यंत, आयडेक्स प्राइममधून दहा कोटींपर्यंत अनुदान मिळू शकतं. अनुदान म्हणजे ऑर्डर नव्हे. त्यानंतरची दोन वर्षं तग धरायची सोय आधी करा.

अर्थसंकल्पात हे आकडे कुठे सापडतात?

इंडिया बजेटच्या सरकारी संकेतस्थळावर 'अनुदानाच्या मागण्या' उघडा. संरक्षण मंत्रालयाच्या चार आहेत: नागरी, महसुली, भांडवली, पेन्शन. भांडवली मागणीत मुख्य शीर्ष 4076 शोधा. प्रत्येक ओळीला तीन प्रकारचे आकडे दिसतील: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. प्रत्यक्ष खर्च दोन वर्षं मागचा असतो. आधी तोच वाचा. अंदाजापेक्षा प्रत्यक्ष खर्च सातत्याने कमी असेल, तर अडचण पैशाची नसून खरेदीच्या गतीची आहे. प्रत्यक्ष खर्च अंदाजाला भिडलेला असेल आणि तरी युनिटकडे माल नसेल, तर हप्त्यांचा प्रश्न आहे.

माहिती अधिकारात काय मागता येतं?

साठा किती, कुठल्या युनिटकडे किती, पल्ल्याचे गुप्त तपशील हे मिळणार नाही. कलम 8(1)(क) आड येतं, आणि यायलाच हवं. संरक्षण संशोधन करणारं डीआरडीओ तर कलम 24 खाली बहुतांश वगळलेलंच आहे. मिळू शकतं ते असं: कराराची तारीख, एकूण किंमत, ठरलेली पुरवठ्याची मुदत, मुदतवाढ किती वेळा दिली, उशिराचा दंड किती आकारला आणि किती वसूल केला, अपघात चौकशीच्या शिफारशींपैकी किती अमलात आल्या.

केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर 10 रुपये भरून अर्ज करता येतो. उत्तर 30 दिवसांत; न आल्यास किंवा अपुरं असल्यास पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. 'उशीर का झाला?' असा प्रश्न विचारला तर 'ही माहिती नव्हे' म्हणून परत येतो. 'मुदतवाढ मंजूर करणाऱ्या पत्रांच्या प्रती द्या' असं लिहा. काही भाग गोपनीय आहे असं उत्तर आलं, तर कलम 10 चा उल्लेख करून गोपनीय भाग झाकून उरलेला कागद मागा. एका अर्जात एकच करार घ्या. पाच करार एकत्र विचारले की अर्ज पाच टेबलांवर फिरतो आणि एकाही टेबलावरून उत्तर येत नाही.